वस्त्रगाळ

आषाढ निम्मा सरला तरी जांभळाच्या बिया काही वाळेनात.

पाऊस म्हणावा तर पडत नव्हता, आणि ऊन म्हणावं तर तेही नव्हतं. रोज सकाळी आभाळ भरून यायचं आणि दिवसभर तसंच मुक्यानं बसून राहायचं. बनुबाई स्लॅबवर ताडपत्री अंथरायची, पायलीभर बिया पसरायची, दुपारी हातानं वरखाली करायची. वरून कडक लागायच्या, पण अंगठ्याच्या नखानं टोकरलं की आत ओल. असल्या ओलीतच बुरशी धरते, आणि बुरशीची एक बी उखळात गेली की सगळा घाणा नासतो. म्हणून ती मांडी घालून एकेक बी डोळ्याजवळ नेऊन निवडत होती. वय अठ्ठावन्न. गुडघे गेलेले, पण बोटं अजून धडधाकट.

साखरेचं औषध हे त्या घराचं जुनं काम. तिचा नवरा पुंजाराम ते द्यायचा. जांभळाची बी, मेथ्या, वाळवलेली कारली, गुळवेल आणि गर्भगिरीच्या डोंगरातनं आणलेला बेडकीचा पाला. बेडकीचं पान चावलं की जिभेला गूळसुद्धा मातीसारखा लागतो. पुंजाराम जाऊन अकरा वर्षं झाली, पण काम चालूच राहिलं, कारण ते पहिल्यापासून बनुबाईच्याच हातातलं होतं. गिरणीवाला असलं दळण घेत नाही, मागनं येणाऱ्याचं पीठ कडूझार होतं म्हणतो. म्हणून ती उखळात कुटायची, जात्यावर दळायची, चाळणीनं चाळायची, आणि शेवटी जुन्या धोतराच्या फडक्यातनं वस्त्रगाळ करायची. चिमटीत धरलं तर हळदीसारखं मऊ लागलं पाहिजे. नाही लागलं तर परत जात्यावर.

पुढचं सगळं तिचा मुलगा बजरंग बघायचा. तिसगावात एक खोली घेऊन तो चूर्ण डब्यांत भरायचा, डबीवर बापाचा फोटो चिकटवायचा आणि बाजाराच्या दिवशी टेम्पो लावून विकायचा. गेल्या तीन वर्षांत औषधाचं नाव फार झालं होतं. पार पैठणकडनं माणसं यायची. "म्हातारीच्या हाताला गुण हाय," म्हणायची. बनुबाई वरवर "देवाचं देनं," म्हणायची आणि मनातनं सुखावायची.

"आत्याबाई! ओ आत्याबाई!" खालून सून रेश्मा ओरडली. "कानिफमामंजी पडलं बांधावर!"

बनुबाई बिया तशाच टाकून जिना उतरली.

कानिफनाथ शेजारचाच, दोन्ही घरांच्या शेताचा बांध एक. सकाळपासून तो बाजरीच्या खुरपणीत होता. आता लिंबाच्या बुडाशी आडवा पडला होता. एवढ्या गार हवेत अंगातली बंडी घामानं चिंब, दातखीळ बसलेली, डोळे पांढरे. एक हात मधूनच झटका मारायचा. कुणी नाकाला कांदा लावत होतं, कुणी पायताण.

"भावजी! ओ भावजी!" बनुबाईनं गालावर चापट्या मारल्या. गाल चिखलासारखा गार लागला.

बजरंगनं टेम्पो बांधापर्यंत आणला. चौघांनी उचलून कानिफनाथला मागं झोपवलं. गाडीत बसता बसता बजरंगनं त्याच्या बायकोला हळूच विचारलं, "काकी, सकाळी औषदाचं चमचे किती घेतलं कानिफअन्नानं?"

"दोन. काल पावन्यांच्यात गोड खाल्लं हुतं, म्हनून दोन घेतलं. का रं?"

"काय न्हाई," असं म्हणून बजरंगनं गाडी काढली. त्याचं उतरलेलं तोंड बनुबाईला दिसलं. शेजाऱ्यासाठी पोराचा जीव तुटतोय, असं तिला वाटलं.

कानिफनाथ पाचव्या दिवशी घरी आला. बनुबाई ज्वारीच्या ऊन ऊन कण्या घेऊन बघायला गेली. एरवी चुलीपुढं पाट सरकवणाऱ्या त्या घरात त्या दिवशी कुणी "बस" म्हणालं नाही. ती उंबऱ्यापाशीच टेकली. कण्यांचं भांडं कुणी हातातनं घेतलं नाही, म्हणून मांडीवरच धरून बसली.

कानिफनाथची मुलगी स्नेहल नगरच्या एका फार्मसी कॉलेजात शिकत होती. बापासाठी ती घरी आली होती.

"काकू, एक विचारू? राग मानू नका."

"इचार की."

"तुमच्या चूर्णात काय काय असतं?"

बनुबाईनं बोटांवर मोजून पाचही जिन्नस सांगितले.

"एवढंच?"

"एवढंच म्हंजी? आनि काय, माती घालू?"

"दवाखान्यात नेलं तेव्हा अण्णांची साखर बत्तीस होती. बत्तीसला माणूस जातो, काकू. सलाईननं वर आणली की परत खाली जायची, असं दोन दिवस चाललं. डॉक्टर म्हणाले, साखरेची गोळी घेतल्याशिवाय असं होत नाही. आणि अण्णा तर एकही गोळी घेत नाहीत. फक्त तुमचं चूर्ण घेतात."

बाजेवरनं कानिफनाथ कसाबसा म्हणाला, "वैनीच्या औषदाला नाव ठिवू नकू, पोरी. चार वर्सं त्याच्यावरच हाय मी."

"मला फक्त तपासायचं आहे," स्नेहल म्हणाली.

बनुबाईच्या कानशिलात गरम झालं. हिला नागडी असल्यापासून आपण कडेवर खेळवली. "ने की," ती म्हणाली. "डबी ने, तपास. तुझ्या मशिनीला दाव. तीस वर्सं कुटतीय मी. काय निगालं तर माझ्या तोंडात शेन घाल."

कण्यांचं भांडं तिनं उंबऱ्यावर ठेवलं आणि ती उठली.

बाराव्या दिवशी, रविवारी, स्नेहल स्वतःच आली. बनुबाई उखळापाशी होती. मुसळ थांबलं तशी स्नेहल तिच्यासमोर उकिडवी बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "काकू, निघालं त्यात. ग्लिबेनक्लामाईड. साखर उतरवायची इंग्रजी गोळी आहे ती. कुटून घातलेली."

"कुनी घातली?"

"ते मशीन सांगत नाही."

"म्हंजी मी घातली?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हनलीस?" बनुबाईनं मुसळ भिंतीला टेकवलं. "आगं, मला गोळीचं नाव घेता येईना, ती मी आनू कुठनं? तुझं मशिन खोटं हाय. डबीतलं न्हाई, माझ्या डब्यातलं तपास. आनि माझ्यामाघारी न्हाई. मी सोता येते."

स्नेहल "या" म्हणाली. एवढ्या सहज म्हणाली, की बनुबाईला पुढं भांडायला जागाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी वस्त्रगाळ केलेलं चूर्ण फडक्यात बांधून तिनं नगरची एसटी धरली. कॉलेजातल्या त्या खोलीत स्पिरिटसारखा वास भरला होता. चपला दाराबाहेर काढायला लागल्या. फरशी गार होती. पांढरे कोट घातलेली पोरंपोरी तिच्या लुगड्याकडं बघून बाजूला सरली. आदिनाथ सर म्हणून स्नेहलचे शिक्षक होते, त्यांनी उंच स्टूल पुढं केलं. त्यावर तिला चढता येईना. मग त्यांनी स्वतःची खुर्ची दिली.

"काकू, फडकं तुम्हीच सोडा," स्नेहल म्हणाली. "चूर्ण तुमच्याच हातानं बाटलीत घाला. उद्या म्हणाल, पोरीनं बदललं."

बनुबाईनं चिमूट घातली. स्नेहलनं त्यावर पाण्यासारखं काहीतरी ओतलं, बाटली खळाखळा हलवली, मग कागदाच्या नरसाळ्यातनं गाळलं.

"हे बी वस्त्रगाळच की," बनुबाईच्या तोंडून निघून गेलं.

स्नेहल पहिल्यांदाच हसली. पोस्टकार्डाएवढी एक पांढरी पट्टी घेऊन तिनं काचेच्या बारीक नळीनं खालच्या कडेला तीन ठिपके दिले. पहिला दुकानातल्या गोळीचा, दुसरा डबीतल्या चूर्णाचा, तिसरा बनुबाईच्या फडक्यातला. पट्टी एका काचेच्या बरणीत उभी केली. बरणीच्या तळाला जरासं द्रावण होतं. पावसाळ्यात भिंतीला ओल चढते तसं ते पट्टीवर चढू लागलं. बनुबाई त्या ओलीवरनं नजर काढेना. अर्ध्या तासानं स्नेहलनं पट्टी वाळवली आणि एका काळ्या खोक्यातल्या दिव्याखाली धरली.

"या, बघा."

पट्टी हिरवी चमकत होती. पहिल्या ठिपक्याच्या वाटेवर, वर चढून गेलेला एकच काळा डाग. दुसऱ्या वाटेवर पाल्याचे लांबट पट्टे, आणि बरोबर त्याच उंचीला तसाच काळा डाग. तिसऱ्या वाटेवरही पाल्याचे पट्टे होते, पण त्या उंचीला जागा कोरी, स्वच्छ होती.

"ही माझी?" बनुबाईनं बोट दाखवलं.

"हो."

"हितं काय न्हाई."

"नाही, काकू. तुमच्यात काहीच नाही."

बनुबाईचे डोळे भरून आले. पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, "सांगत हुते ना मी? सांगत हुते ना?" आणि मग तिचा हात तोंडावरच राहिला. आपल्या घरातनं निघालेलं चूर्ण मधे एकाच ठिकाणी थांबतं. स्नेहल हातमोजे काढत राहिली.

"आजी, आम्ही मोठ्या मशीनवरसुद्धा घालून बघितलं," आदिनाथ सर म्हणाले. "डबीतल्या एका चमच्यात अर्धी गोळी निघाली, दुसऱ्यात तीन. हातानं मिसळलं की असंच होतं. ज्याच्या वाट्याला तीनचा चमचा येईल, तो पडणार."

"आनि माझ्यातलं? त्यानं साखर उतरती का न्हाई?"

सर म्हणाले, "थोडीफार उतरतही असेल. या पाल्यांवर अभ्यास झालेत. पण कुणाची, किती, ते सांगता येत नाही. तेवढ्याच्या भरवशावर रोगी सोडता येत नाही, आजी."

परतीच्या एसटीनं बनुबाई वाडीला गेली नाही. तिसगावात उतरली आणि तडक बजरंगच्या खोलीवर गेली.

दार लोटलेलं होतं. बजरंग खाली बसून प्लास्टिकच्या टबात दोन्ही हातांनी चूर्ण कालवत होता, बाई भाकरीचं पीठ कालवते तसं. शेजारी पिशवीत पांढरी भुकटी होती. आईला बघून त्यानं पिशवीवर पोतं ओढलं नाही की काही नाही. नुसता थांबला.

"हे काय हाय?" तिनं विचारलं.

"तुला स्नेहलनं सांगितलंच आसंल."

"तू सांग."

"गोळीची भुकटी हाय. नगरचा एक जन देतो." तो उठला, हात पॅन्टला पुसले. "आई, आता पयल्यासारखं ऱ्हायलं न्हाई. पयली मानसं नुस्ती बरं वाटतंय म्हनायची, झालं. आता घरोघर मशिन हाय. बोटाला सुई टोचत्यात आनि आकडा बघत्यात. तुझ्या भुकटीनं आकडा हालंना. तीन वर्सामागं मानसं डब्या परत आनून तोंडावर फेकत हुती. तुला कळू दिलं न्हाई मी."

"का न्हाई कळू दिलं?"

"काय सांगू? तुझं कुटनं वाया चाललंय म्हनून सांगू?"

तीन वर्षांतली सगळी तोंडं तिच्यापुढनं गेली. पायावर डोकं ठेवणारी, नातवाला तिच्या पाया पडायला लावणारी. हाताला गुण हाय म्हणणारी.

"कानिफभावजी मेलं आसतं."

"त्यांनी दोन चमचे घेतलं. डबीवर एक लिव्हलंय."

"तुज्या बापानं जलमभर औषीद दिलं. कुनी मेलं न्हाई त्याच्या हातनं."

"बाप कशानं मेला मग?"

"काट्यानं. बाभळीचा काटा मोडला, त्यो चिघळला..."

"काटा समद्या गावाला मोडतो, आई. समद्या गावाचं पाय काळं पडत्यात का?" बजरंगचा आवाज चढला. "रोज सकाळी सोताचंच औषीद खायचा त्यो. तुझ्याच हातचं, वस्त्रगाळ. पाय काढला तवा डाक्टर काय म्हनला, तू हुतीस की तिथं. साखर म्हनला. साखर!"

ती होती तिथं. व्हरांड्यात, फरशीवर बसलेली. डॉक्टरचा शब्द तिच्या कानावर पडला होता आणि तिनं तो तिथंच सोडून दिला होता. काटा सोपा होता. काट्याला शिव्या देता येत होत्या. ती एका पोत्यावर बसली. खोलीत टबातल्या मेथीचा कडवट वास होता.

"उद्यापास्नं मी कुटनार न्हाई," ती म्हणाली.

"नको कुटू," बजरंग म्हणाला. चहा नको म्हणावा तसं.

तिला वाटलं होतं, आपण मुसळ ठेवलं की हे थांबेल. आठव्या दिवशी नगरहून तयार भुकटीची दोन पोती टेम्पोतनं उतरली. तिनं एका पोत्यात बोटं घातली. शेंगांच्या टरफलांचा वास, बोटांना खरखर. असलं चूर्ण तिनं म्हशीपुढं ठेवलं नसतं. डब्या मात्र त्याच होत्या, आणि गिऱ्हाईक एकानंही कमी झालं नाही.

घरात बजरंग तिच्याशी बोलेनासा झाला. रेश्मा ताट ठेवायची ते आदळून. "भरल्या घरात बिब्बा घालायची हौस," असं भांड्यांना ऐकवायची. बनुबाई खाली मान घालून जेवायची आणि उठून परसात जायची. तिथं उखळ पालथं पडलं होतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं हात दिवसभर काहीतरी शोधत राहायचे.

एका सोमवारी स्नेहल तिला नगरच्या औषध खात्याच्या सरकारी कचेरीत घेऊन गेली. साहेब तरुण होता, बोलायला नरम होता. समोर फायलींची चळत, वर पंखा घरघरत होता.

"तक्रार कुणाविरुद्ध करायची, आजी?"

बनुबाईनं पदर सारखा केला. "पोराविरुद्द."

"डबी विकत घेतल्याची पावती?"

"घरचीच डबी हाय. पावती कुनाची घेऊ?"

स्नेहलनं कॉलेजचा कागद पुढं केला. साहेबानं तो नीट वाचला, मान हलवली. "काम चांगलं केलंय तुम्ही. पण हा कागद आम्हाला चालत नाही. आमचा माणूस जाऊन नमुना घेणार, सील करणार, सरकारी लॅबला पाठवणार. मग पुढचं."

"मंग घ्या की नमुना. आत्ता चला."

"असं आत्ता नाही होत." बोलता बोलता त्यानं डबी उलटी केली आणि मागची बारीक अक्षरं वाचायला डोळ्याजवळ नेली. "उत्पादक, बनुबाई पुंजाराम. ह्या कोण?"

बनुबाईला अक्षर येत नव्हतं. डबीच्या मागं काय लिहिलंय ते आजवर तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

"मी," ती म्हणाली.

साहेब अवघडला. "मग आजी, ही तक्रार तुमच्याचविरुद्ध होते. बघा, विचार करा."

"काय इचार करायचा त्यात?" बनुबाई खुर्चीवरनं पुढं सरकली. "घ्या लिवून. माझ्याविरुद्द घ्या. मला धरा. पन बंद करा."

साहेबानं लिहून घेतलं. तिनं वाकडीतिकडी सही केली, तेवढी तिला शिकवलेली होती. "कधी येताल?" "कळवू." बाहेर पायरीवर ती उभी राहिली. स्नेहल म्हणाली, "काकू, उसाचा रस पिऊ या का?" तर बनुबाई तिच्यावरच खेकसली, "तुझ्या बापाला झालं म्हनून तू आलीस. न्हाईतर कशाला आली आसतीस?" आणि लगेच तिला वाईट वाटलं. पण शब्द परत घेता आला नाही.

श्रावण सरला. तीन आठवडे गेले, चौथा लागला. कचेरीतनं कुणी आलं नाही.

त्या बाजाराच्या दिवशी बनुबाई सकाळीच तिसगावात गेली. बजरंगचा टेम्पो नेहमीच्या जागी, भाजीवाल्यांच्या पल्याड उभा होता. वर पुंजारामचा मोठा फोटो, पुढं दहा-पंधरा माणसं. ती माणसांत घुसली आणि टेम्पोच्या फाळक्याला पाठ लावून उभी राहिली.

"घेऊ नका हे," ती म्हणाली. गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही. आवाज चढवून परत म्हणाली, "ह्यात विंग्रजी गोळी कालवलीय. एका चमच्यात अर्धी, एकात तीन. मानूस पडतंय ह्यानं. घेऊ नका."

माणसं एकमेकांकडं बघू लागली. फेटेवाला एक म्हातारा म्हणाला, "आज्जी, तुमी कोन?"

"म्हातारीचं डोकं फिरलंय," वरनं बजरंग म्हणाला. हसत म्हणाला, पण कपाळावर घाम होता. "बाप गेल्यापास्नं आसंच चाललंय. आई, हो घरी."

"दुसऱ्या औषीदवाल्यानं धाडलं आसंल," कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

"आरं हसताय काय? मी तपासून आले! डोळ्यानं बघितलंय!"

"आसंना गोळी," फेटेवाला शांतपणे म्हणाला. "आमची साखर तीनशेची दीडशेवर आली. गोळी आसू, न्हाईतर माती आसू. पोरा, दोन डब्या दे."

त्यानं हात पुढं केला. बनुबाईनं फाळक्यावरचं खोकं दोन्ही हातांनी ओढलं. डब्या खाली पडल्या, घरंगळल्या. एक तिनं पायाखाली चिरडली, दुसरीचं झाकण उपसून भुकटी रस्त्यावर ओतली, मग तिसरी. बजरंग वरनं उडी मारून आला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. एवढ्या जोरात धरलं, की हाड कटकन वाजलं. दोघांनीही ते ऐकलं. त्यानं एकदम सोडून दिलं. मायलेक एकमेकांकडं बघत उभे राहिले.

खाली कुणीतरी बसलं होतं. तिशीतली एक बाई, कासोटा खोचलेली. सांडलेली भुकटी ती दोन्ही हातांनी गोळा करून पदरात भरत होती. मातीसकट, वाळल्या काडीकचऱ्यासकट.

"बाई, काय करतीस?" बनुबाई तिच्यापुढं बसली. "टाक ते."

"सोडा, आज्जी."

"मी काय वरडत हुते, आयकलं न्हाईस?"

"आयकलं." तिनं मूठ आवळली. बनुबाई तिची बोटं उलगडायला गेली, पण मूठ उघडेना. "गोळी हाय म्हनलात ना? म्हंजी औषीदच हाय की. माझ्या मालकाला ह्यानंच उतार पडतो. डबी घ्यायला आज जुळनी न्हाई, हे तरी न्हिऊ द्या."

बनुबाई त्या मुठीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "चल माझ्यासंगं. तीच गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळती. मापात मिळती. चल."

बाईनं पदराला गाठ मारली आणि ती नाइलाजानं मागं निघाली. तिचं नाव मोनिका. नवरा वीटभट्टीवर. साखर चारशेच्या वर जाते, मग रात्रंदिवस पाणी पितो आणि चिडचिड करतो. एवढं तिनं वाटेत सांगितलं.

दवाखान्यात रांग होती. दोघी तासभर भिंतीला टेकून बसल्या. बनुबाईचं मनगट सुजून आलं होतं. नंबर आला तेव्हा नर्सबाईनं विचारलं, "पेशंट कुठाय?"

"घरी," मोनिका म्हणाली.

"त्यांना घेऊन या. तपासल्याशिवाय गोळी कशी देऊ, ताई? किती साखर आहे, किडनी कशी आहे, काही माहीत नाही."

"गोळी द्या की," बनुबाई मधेच म्हणाली. "बाई लांबून आलीय."

"आजी, अंदाजानं गोळी दिली आणि माणूस पडला तर?"

नर्सचं बोलणं शंभर टक्के खरं होतं, आणि त्याचाच बनुबाईला संताप आला. जिकडं जावं तिकडं खरंच बोलणारी माणसं, आणि तरी कुणाच्या हातात काही पडत नव्हतं.

बाहेर आल्यावर मोनिका म्हणाली, "मी म्हनलंच हुतं. ते यायचं न्हाईत. दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर येत्यात."

"आनि हे खायाला घालशील?" बनुबाईनं पदराच्या गाठीकडं बोट केलं.

मोनिकानं गाठ मुठीत धरली. स्टँडवर एसटी लागलेली होती. तिनं लांबूनच बघितलं आणि पावलं उचलली. "जाते, आज्जी. ही गेली की सांजच्याला दुसरी हाय."

बनुबाई तिथंच उभी राहिली. बजरंगचा टेम्पो परत भरला असेल. उद्या इथं जमलं नाही तर तो बेलापूरच्या बाजाराला जाईल, तिथनं आणि कुठं. तेवढ्या सगळ्या बाजारांना पुरतील एवढे पाय तिच्याकडं नव्हते. घरी रेश्मा ताट आदळायला बसली असेल. एसटीच्या दारात मोनिका एका हातानं दांडा आणि एका हातानं गाठ धरून चढत होती.

बनुबाई मागोमाग चढली.

"तुमी कुठं?" मोनिका दचकली.

"तुज्या मालकाला सांगायला. उद्याच्याला दवाखान्यात घिऊन यायचं त्याला."

"तुमचं काय आयकनार त्ये! शिव्या घालतील."

"घालू दे," बनुबाई म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली. दुखरा हात तिनं मांडीवर ठेवला. "आज न्हाई आयकलं तर मुक्काम करते."

गाडी हलली. बाजाराचा गलबला मागं पडला. दोन्ही बाजूंना बाजरी पाण्यावाचून पिवळी पडत उभी होती. कंडक्टर टिकटिक करत जवळ आला.

"कुठं, मावशी?"

बनुबाईला गावाचं नाव माहीत नव्हतं. तिनं मोनिकाकडं बघितलं. मोनिका खिडकीबाहेर बघत होती, गाठीवरची तिची मूठ अजून तशीच होती. कंडक्टरनं परत विचारलं. गाडी एका खड्ड्यातनं उसळली, दोघींचे खांदे एकमेकींवर आदळले.

"ढाकणवाडी," मोनिका शेवटी म्हणाली. "दोन हाफ."